तारेतून आलेला आवाज आणि हवेतून आलेला आवाज

ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात 'डायरेक्ट' किंवा 'थेट' हा शब्द दोन अगदी विरुद्ध अर्थांनी वापरला जातो, आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घरातल्या खोलीत संगणक व ऑडिओ इंटरफेस मांडून बसलेला गिटारवादक 'गिटार डायरेक्ट घेतली' असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा की वाद्यात बसवलेल्या पिकअपमधून निघालेली तार सरळ यंत्रात गेली; मधली हवा, भिंती, छत, खिडकीबाहेरचा रस्ता हे सारे वगळले. लोकसाहित्याचा संग्राहक 'आम्ही थेट मुद्रण केले' असे म्हणतो, तेव्हा त्याने स्टुडिओ वगळलेला असतो आणि तो गाणारीच्या घरात, तिच्या भिंतींत, तिच्या शेजारणींत जाऊन बसलेला असतो. पहिल्याच्या लेखी घर हा अडथळा आहे, दुसऱ्याच्या लेखी घर हाच पुरावा आहे.

ह्या दोन अर्थांचा इतिहास आम्ही येथे बीड जिल्ह्याच्या निमित्ताने मांडू इच्छितो. निमित्त असे, की घरी जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचे मराठीतले एक मोठे उदाहरण ह्याच जिल्ह्यात, माजलगावात, १९९६ साली घडले. तेथे गिटार नव्हती. होती ती जात्यावरची ओवी. पण गिटारीच्या तारेबद्दल जो प्रश्न आज घरगुती स्टुडिओत विचारला जातो, तोच प्रश्न त्या ओवीबद्दलही विचारावा लागतो: आवाज म्हणजे नेमके काय, आणि तो कोठून पुढे मुद्रित करायचा?

आरंभ थोडा मागून करू. फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि ग्रामोफोन कंपनीसाठी त्याने हिंदुस्थानातील पहिल्या तबकड्या मुद्रित केल्या. त्या पद्धतीत वीज नव्हती. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. ह्या काळाला इंग्रजीत 'अकूस्टिक' युग म्हणतात. गंमत अशी, की ह्या अकूस्टिक युगात अकूस्टिक गिटारीची फारच कुचंबणा झाली. कर्ण्याला जोर हवा होता. बँजोचा टणत्कार त्यात नीट उतरे, पितळी वाद्ये उतरत, खड्या आवाजाचे गायक उतरत. गिटारीचा, सतारीचा वा तंबोऱ्याचा मऊ नाद मात्र मेणापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जाई. व्हायोलिनसारख्या वाद्याचीही तीच अडचण होती, म्हणून स्ट्रो नावाच्या गृहस्थाने लाकडी पेटी काढून टाकून तिच्या जागी पडदा व धातूचा कर्णा बसवलेले व्हायोलिन तयार केले आणि कित्येक वर्षे मुद्रणासाठी ते वापरले गेले. यंत्राला वाद्य ऐकू येईना, म्हणून वाद्यच बदलले! ह्या गोष्टीकडे पुन्हा यावे लागेल.

त्या तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत उच्चारत असे. गौहर जानची ती घोषणा प्रसिद्ध आहे. त्यामागे कलावंताच्या गौरवाचा विचार मुळीच नव्हता. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथे त्यांच्या प्रती निघत, आणि तेथल्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हे कळावे एवढाच हेतू होता. तरीही त्या सोयीमुळे एका पिढीच्या गायिकांची नावे त्यांच्याच आवाजात उरली. मराठी लोकगीतांच्या जुन्या छापील संग्रहांत ओवी सांगणारीचे नाव क्वचितच आढळते. ओवी 'लोकां'ची, म्हणून ती कोणाचीच नाही, असा काहीसा समज त्यामागे होता. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली निघालेले लोकसाहित्याचे ग्रंथ, दुर्गा भागवतांचे लेखन ह्यांचे ऋण मोठे आहे, ह्यात शंका नाही. पण ती सारी परंपरा कागदाची. आवाज तिच्यात नाही.

१९२५ च्या सुमारास अमेरिकेत मायक्रोफोन व विद्युत् मुद्रण आले, आणि काही वर्षांत ते भारतातही पोहोचले. आता गाणाऱ्याला ओरडण्याची गरज उरली नाही. गिटारीलाही न्याय मिळाला. पण मायक्रोफोनने एक नवी अडचण आणली. कर्ण्याला फक्त समोरचा मोठा आवाज ऐकू येत असे. मायक्रोफोनला खोली ऐकू येऊ लागली. स्टुडिओ नावाची वास्तू, तिच्या जाड भिंती, तिचे पडदे, तिचे भाडे हे सारे ह्या नव्या कानाच्या तीक्ष्णतेतून जन्मले.

तारेचा मार्ग त्यावर उतारा म्हणून आला. विद्युत्-गिटारीचा चुंबकी पिकअप १९३० च्या दशकातला. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत १९६० च्या दशकात बेस गिटार व गिटार ॲम्प्लिफायरपुढे माइक न लावता सरळ मिश्रणयंत्रात घेण्याची पद्धत रुळली. पोकळ पेटीच्या गिटारीला मात्र वेगळी युक्ती लागली. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये असे दाखवले होते की काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांत वीज उत्पन्न होते. ह्यालाच पिएझो-विद्युत् म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून असा पिएझो घटक गिटारीच्या घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, बसवला जाऊ लागला. त्यात पुढाकार घेणारी ओव्हेशन ही कंपनी चार्ल्स कामान ह्या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या उद्योजकाची होती. हेलिकॉप्टरात कंपने कशी मारावीत ह्याचा अभ्यास केलेल्या कारखान्याने गिटारीत कंपने कशी पकडावीत हे शोधावे, ह्यात एक प्रकारचा न्याय आहे. असो.

हा घोडीखालचा पिकअप काय ऐकतो? तो तारेचा घोडीवरचा दाब ऐकतो. गिटारीची वरची फळी जी हवा हलवते, पोटातली हवा गोल भोकातून जो खोल हुंकार देते, लाकडाचा जो गंध नादाला लागलेला असतो, त्यातले फारच थोडे त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून तारेतून घेतलेली गिटार स्वच्छ येते, जवळची येते, आणि थोडी प्लॅस्टिकची येते. त्यातच पिएझोचा इम्पीडन्स अतिशय मोठा असतो. तो माइकसाठीच्या भोकात तसाच खुपसला तर खर्जातला सगळा भाग गळून जातो आणि उरते ती किरकिर. त्याला किमान दहा लाख ओहमचे प्रवेशद्वार लागते. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' असे लिहिलेले बटण असते ते त्यासाठीच, किंवा मध्ये डी.आय. पेटी ठेवावी लागते. आमच्या पाहण्यात असे कितीतरी घरगुती मुद्रक आहेत ज्यांनी वर्षानुवर्षे गिटारीला दोष दिला आणि ते बटण कधी दाबले नाही.

मग गिटारवादक माइक का लावत नाही? कारण खोली. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी आज जी खोली बांधली जाते ती बहुधा दहा बाय दहाची, सिमेंटच्या भिंतींची, वर स्लॅब. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला पहिली आणि ११२ हर्ट्झला दुसरी स्थिर लहर उभी राहते. गिटारीची खालून दुसरी तार, खर्जातला 'ए', ११० हर्ट्झची आहे. पेटीतल्या हवेचा स्वतःचा अनुनादही बहुतेक गिटारींत शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. लांबी आणि रुंदी दोन्ही दहा फूट, म्हणजे हीच लहर दोन्ही दिशांना. अशा खोलीत ती एक तार छेडली की सारी खोली तिच्यामागे घुमू लागते आणि बाकीच्या पाच तारा बिचाऱ्या बाजूला पडतात. शिवाय पंखा, मोटारसायकली, लग्नसराईतले डीजे, आणि घराला नीट अर्थिंग नसले की वायरीतून सतत येणारी ५० हर्ट्झची गुणगुण. (ती गुणगुण तारेच्या मार्गालाही सोडत नाही, ही वेगळी गोष्ट.)

जुन्या मराठवाडी घराची गोष्ट निराळी होती. मातीच्या रुंद भिंती, लाकडी सरे, वर मातीचे माळवद, कोपऱ्यात ज्वारीची पोती, दांडीवर टाकलेल्या वाकळा. आवाज शोषून घेण्यासाठी आज ज्या वस्तू विकत आणाव्या लागतात त्या त्या घरात संसार म्हणूनच होत्या. आजही स्वस्तातला उत्तम उपाय म्हणजे वादकाच्या मागे आणि माइकच्या मागे दोन जाड वाकळा भिंतीपासून वीतभर पुढे टांगणे, हाच आहे. खर्जातली घुमण त्याने जात नाही, पण खोलीचा पत्र्यासारखा खणखणाट जातो.

आता माजलगाव. सिंदफणेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले धरण येथलेच. तरीही जिल्ह्याची ओळख ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या मजुरांची. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर ह्या पुण्याच्या अभ्यासक-कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगरी भागात जात्यावरच्या ओव्या जमवायला आरंभ केला होता. पॉइतव्हाँ मूळचे फ्रेंच. भारतीय नागरिकत्व घेऊन ते येथलेच झाले आणि २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वीसेक वर्षांत एक हजाराहून अधिक गावांतून एक लाख दहा हजारांवर ओव्या लिहून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल हा फ्रेंच संगीत-अभ्यासक व संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाला. लखनौच्या तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण संगणकाला शिकवण्याचा उद्योग त्याने ह्याआधी जेम्स किपनबरोबर केला होता. त्याने ओव्यांची सूची संगणकावर बांधली, आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले.

१९९६ मध्ये ही मंडळी माजलगावात आली, आणि तेथल्या भीमनगर ह्या दलित वस्तीतल्या स्त्रियांच्या ओव्या त्यांनी मुद्रित केल्या. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ चा. त्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, घरे जळली, त्यांची आठवण ह्या भागात ताजी होती. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे मुद्रणाच्या दोनच वर्षे आधी. अशा वस्तीत जात्याची ओवी विठ्ठलापाशी किंवा माहेरच्या भावापाशी थांबत नाही. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला हा जो जुना साचा आहे, तो तसाच ठेवून तेथल्या स्त्रियांनी त्यात देवाच्या आणि भावाच्या जागी भीमराव बसवला, बुद्ध बसवला, रमाई बसवली. छंद तोच, चाल तीच, जाते तेच. फक्त ज्याला ओवाळायचे तो बदलला. १९५६ च्या धर्मांतराविषयी पुष्कळ वैचारिक लेखन झाले आहे. पण ते धर्मांतर पहाटेच्या दळणात कसे मुरले, हे सांगणारा पुरावा ह्या ओव्यांइतका बोलका दुसरा आम्हांला माहीत नाही.

येथेच मुद्रणाचा प्रश्न उभा राहतो. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' अशी म्हण आहे, आणि ती शब्दशः खरी आहे. खुंट्याला हात लागून दगड फिरू लागल्याखेरीज ओव्या आठवत नाहीत, असा अनुभव संग्राहकांना नेहमी येतो. ओवीचा लयबंध हाताच्या ओढीतून येतो: एक बाई ओळ उचलते, दुसरी ती पकडते, श्वास कोठे घ्यायचा हे दगडाचे वजन ठरवते. पण तोच दगड मायक्रोफोनच्या दृष्टीने शत्रू. त्याची घरघर खर्जात अखंड चालू असते आणि शब्द गिळते. शिवाय १९९० च्या दशकात दळण विजेच्या गिरणीत जाऊ लागले होते. कित्येक घरांत जाते कोपऱ्यात उभे करून ठेवलेले. म्हणजे संग्राहकापुढे दोन पर्याय. जात्यासह मुद्रण करावे, तर शब्द अर्धे बुडतात. जात्याशिवाय करावे, तर शब्द स्वच्छ येतात आणि ज्या शरीरातून ओवी निघाली ते शरीर मुद्रणाबाहेर राहते.

गिटारीच्या घोडीखालच्या पिकअपची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. जात्यावेगळी ओवी ही तारेतून घेतलेली गिटार आहे. स्वर आहे, शब्द आहेत, पेटी नाही. लिहून घेतलेली ओवी तर त्याहून एक पायरी पुढची. तिच्यात स्वरही नाही. ह्या प्रकल्पावर आमचा एक आक्षेप आहे आणि तो येथे नोंदवतो. एका ओवीच्या गायनाला अर्धे मिनिट धरले, तरी एक लाख दहा हजार ओव्यांना नऊशे तासांहून अधिक वेळ लागेल. मुद्रण आहे १२० तासांचे. म्हणजे ढोबळमानाने सात-आठ ओव्यांमागे एकीचा आवाज उरला, बाकीच्या कागदावरच राहिल्या. आरंभीच्या वर्षांत शब्दांना जे महत्त्व दिले गेले तेवढे आवाजाला दिले गेले नाही, हे म्हणणे भाग आहे. त्याला पैशाची, साधनांची, विजेची कारणे होतीच. पण विचाराचेही एक कारण असावे: समाजशास्त्रज्ञाला ओवी काय सांगते हे हवे होते, ती कशी सांगते हे नंतर सुचले.

तथापि जे मुद्रण झाले ते फार विचारपूर्वक झाले. ते डॅट फितींवर झाले. १९८७ मध्ये सोनीने आणलेली ही अंकीय फीत काडेपेटीहून थोडी मोठी; तिच्यात सेकंदाला ४८,००० नमुन्यांपर्यंत आवाज साठवता येई, आणि कॅसेटीचा फुसफुसाट तिच्यात नव्हता. प्रत्येक फितीला क्रमांक दिला गेला, फितीवर कोणती ओवी कोठे सुरू होते ह्याची नोंद झाली, आणि ओवीपुढे ती सांगणारीचे नाव व गाव लिहिले गेले. हॅनोव्हरच्या कारागिरासाठी गौहर जानला जे करावे लागले, ते येथे गाणारीच्या हक्कासाठी केले गेले. ज्या वस्तीतल्या माणसांची नावे गावदरबारी तुच्छतेने घेतली जात, त्या वस्तीतल्या बाईचे पूर्ण नाव तिच्या आवाजाशेजारी कायमचे नोंदले जाणे ही माजलगावात लहान बाब नव्हती.

डॅटचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. २००५ मध्ये सोनीने ती यंत्रे बनवणे बंद केले. फिती आहेत पण वाजवायला यंत्र नाही, अशी वेळ जगभरच्या संग्रहांवर आली. ओव्यांचा हा ठेवा गुरगावच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहात आणि पुढे फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील खुल्या संग्रहात ठेवला गेला, म्हणून वाचला. २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराने तो टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करायला घेतला, आणि माजलगावच्या भीमराव-ओव्या आरंभीच्या महिन्यांतच लोकांपुढे आल्या.

ह्याच काळात त्याच भावनेचे दुसरे मुद्रण समांतर चालले होते, आणि ते कितीतरी अधिक ऐकले गेले. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची. भारतात तिचा पूर आला तो १९८० च्या दशकात. आंबेडकरी जलशांची, वामनदादा कर्डकांच्या गीतांची, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाची परंपरा त्या पुराबरोबर खेड्यापाड्यांत शिरली. ही मुद्रणे स्टुडिओतली. ढोलकी, कीबोर्ड, कोरस, आवाजावर भरपूर प्रतिध्वनी. जयंतीच्या मिरवणुकीत, उघड्या मैदानात, फाटक्या भोंग्यातून ऐकू यायचे तर आवाज असाच हवा. त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण त्या स्टुडिओत ओवीला जागा नव्हती. ओवीला दोन बायका लागतात, दगड लागतो, आणि ऐकणारा फार तर हाताच्या अंतरावर लागतो. स्ट्रोच्या व्हायोलिनाप्रमाणे तिला कर्णा बसवला असता, तर ती ओवी राहिली नसती.

अलीकडच्या काळात ह्या दोन धारा एका अनपेक्षित ठिकाणी भेटल्या. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कडुबाई खरात यांचे एकतारीवरचे भीमगायन मोबाइलवर मुद्रित होऊन घरोघर पोहोचले. एक तार, एक पेटी, एक आवाज, आणि माइक म्हणजे फोनच्या तळाशी असलेले टाचणीएवढे भोक. तो फोन आवाज वाढला की स्वतःच पातळी खाली दाबतो, शांतता झाली की मागची गडबड वर ओढतो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हे सारे सदोष. पण एकतारीची पेटी, बाईचा गळा आणि सभोवतालची हवा हे तिन्ही त्यात एकत्र आहेत. तोच गळा पुढे वाद्यवृंदासह ऐकला की काय गेले हे चटकन कळते.

गिटारवाल्याला ह्यातून घेण्यासारखे काय? तार सोडावी असे आम्ही म्हणणार नाही. वीज जाते-येते, रात्री शेजारचे मूल रडते, आणि घेतलेला तुकडा दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो. अशा घरात पिकअपची तार हा विम्यासारखा आधार आहे. तार एका पट्टीवर घ्यावी, आणि त्याच वेळी दुसऱ्या पट्टीवर एक साधा कंडेन्सर माइक, बाराव्या पडद्यासमोर एक फूट अंतरावर, गोल भोकापासून किंचित तोंड फिरवून ठेवावा. भोकाच्या थेट समोर ठेवला तर नुसता हुंकार येतो. खोली चौरस असेल तर मध्यभागी बसू नये, भिंतीला चिकटूनही बसू नये. माइकपर्यंत आवाज हवेतून येतो म्हणून तो तारेच्या मागे पडतो: तीस सेंटिमीटरला सुमारे ०.९ मिलिसेकंद, म्हणजे ४८,००० नमुन्यांच्या मुद्रणात ४२ नमुने. तेवढी पट्टी पुढे सरकवली नाही तर दोन्ही आवाज एकमेकांना काही ठिकाणी खोडतात आणि गिटार पोकळ लागते. कोणती पट्टी किती ठेवायची हे नंतर ठरवता येते. मात्र माइकची पट्टी मुळात घेतलीच नसेल तर ठरवण्यासारखे काही उरत नाही. कच्चे मुद्रण, पंख्याच्या आवाजासकट, पुसू नये. नाव, गाव आणि तारीख त्या फाइलीतच लिहून ठेवावी.

माजलगावच्या फितींवरही मुद्रण सुरू होते ते गाण्याने नव्हे. आधी खोली ऐकू येते.